मटकीचे मोड आणि मागोव्याची वही

एका वर्षी मी सहावीच्या वर्गाला मटकी भिजवायला दिली. प्रत्येक गटाला मूठभर मटकी आणि दोन वाट्या. एका वाटीतली मटकी भिजली की उपसून ओल्या फडक्यात बांधायची, दुसऱ्या वाटीतली पाण्यात पूर्ण बुडालेली तशीच ठेवायची. सुरू करण्याआधी विचारलं, मोड आधी कुठे येतील? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, बुडवलेल्या वाटीत. पाणी जास्त म्हणजे मोड लवकर. मी वर आलेले हात मोजले आणि पुढे गेले. तिसऱ्या दिवशी फडक्यातल्या मटकीला चांगले लांब मोड होते आणि बुडवलेल्या वाटीला आंबूस वास सुटला होता. “मग, आपला अंदाज काय होता?” असं विचारल्यावर अर्धा वर्ग ओरडला, “बाई, आम्ही फडकंच म्हटलं होतं!”

मुलं खोटं बोलत नव्हती. एकदा उत्तर कळलं की आधी आपण काय समजत होतो ते मोठ्यांनाही आठवत नाही. जुनी समजूत पुसली जाते आणि तिच्या जागी आलेली नवी समजूत जणू पहिल्यापासून तिथेच होती असं वाटू लागतं. पण मग मूल नेमकं काय शिकलं हे त्यालाही कळत नाही आणि मलाही नाही.

पुढच्या वर्षी तोच प्रयोग, त्याच वाट्या, फक्त एक गोष्ट वेगळी. भिजवण्याआधी प्रत्येक गटाने माझ्या फोनवर अर्धा मिनिट बोलायचं: मोड कुठे येतील आणि तसं का वाटतं. तिसऱ्या दिवशी वाट्या समोर ठेवून ती रेकॉर्डिंग ऐकवली. वर्ग शांत झाला. एक मुलगी म्हणाली, “बाई, मग मी असं का म्हणाले?”

त्या प्रश्नापासून मी मुलांकडून मागोव्याच्या नोंदी करून घेऊ लागले. फोटो, आवाज, क्वचित व्हिडिओ आणि त्यांच्याजवळ मुलाने स्वतःच्या विचारांचा घेतलेला मागोवा. हे पहिल्यांदाच करून पाहणाऱ्या शिक्षकांसाठी मला जे जमलं आणि जे फसलं ते क्रमाने मांडते. उदाहरणं पाचवी ते आठवीची आहेत, पण थोडा बदल करून कुठेही चालतील.

मागोवा कशाला म्हणायचं

वर्गात “आज काय केलं ते लिहा” म्हटलं की हमखास असं येतं: “आज आम्ही विज्ञानाचा प्रयोग केला. बाईंनी छान समजावून सांगितले. खूप मजा आली.” हा अहवाल झाला. त्यात मूल कुठेच नाही.

मागोवा असा असतो: “मला वाटलं होतं की पाणी जास्त असलं की मोड लवकर येतील. पण बुडवलेली मटकी नुसती फुगली आणि वास आला. आमची आई रात्री भिजवते आणि सकाळी पाणी काढून फडक्यात बांधते. ती पाणी का काढते ते मी कधी विचारलंच नव्हतं. आता वाटतं की बियांनापण हवा लागते. अजून कळलं नाही की मग कमळाचं बी पाण्याखाली चिखलात कसं उगवतं.”

या मुलीने आधीची समजूत सांगितली, ती कशाने मोडली ते सांगितलं, घरातल्या रोजच्या कामाशी जोड लावली आणि न कळलेलं कबूल केलं. शास्त्र तिने आपलं आपण गाठलं: रुजणारं बी श्वसन करतं, त्याला प्राणवायू लागतो, आणि पाण्यात पूर्ण बुडलेल्या बियांना तो पुरेसा मिळत नाही, म्हणून त्या कुजतात. हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर वहीत नक्कीच उतरलं असतं. स्वयंपाकघरातल्या फडक्यापर्यंत ते पोहोचलं असतं असं मला वाटत नाही.

मागोवा घेण्याच्या पद्धती बऱ्याच जणांनी मांडल्या आहेत. ग्रॅहम गिब्ज या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञाने १९८८ मध्ये मांडलेलं सहा पायऱ्यांचं चक्र परिचारिका आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात खूप वापरतात: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, असं का झालं, निष्कर्ष काय, पुढच्या वेळी काय करीन. अकरा वर्षांच्या मुलाला सहा पायऱ्या जास्त होतात. त्याआधी १९७० मध्ये टेरी बॉर्टन या अमेरिकी शिक्षकाने तीनच प्रश्न सुचवले होते, ते मुलांना पेलतात: काय झालं? त्यातून काय कळलं? आता पुढे काय? त्यांच्या आधी मी चौथा जोडते: आधी काय वाटलं होतं? माझ्या अनुभवात हा चौथा प्रश्नच सगळ्यात जास्त काम करतो. फोनची गरजही त्याच्याचसाठी आहे.

पहिलं काम: घटक निवडणं

सगळ्या विषयांत एकदम सुरू करू नका. एकच घटक घ्या, आणि तो असा असावा की मुलांचा पहिला अंदाज चुकण्याची दाट शक्यता आहे. अंदाज बरोबर येणार असेल तर मागोवा घ्यायला काही उरत नाही.

सावलीची काठी हा असाच घटक. विचारा, “दुपारी बरोबर बारा वाजता काठीची सावली केवढी असेल?” बहुतेक मुलं सांगतील, नसेलच, सूर्य डोक्यावर असतो ना! मग एक मीटरची काठी मैदानात सरळ रोवा आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीचं टोक खडूने नोंदवा. डिसेंबरात पुण्यात सावली सगळ्यात आखूड होते ती बाराला नाही, साडेबाराच्या आसपास, आणि तेव्हाही ती जवळजवळ ९० सेंटीमीटर असते. दोन्ही अंदाज एकाच दुपारी मोडतात. घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरच्या वेळेप्रमाणे चालतं आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून मध्यान्ह उशिरा होते. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने सावली पूर्ण पायाखाली जाण्याचे दिवस वर्षात दोनच. पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि जुलैत ढग असतात, त्यामुळे मुलांनी ते कधी पाहिलेलं नसतं. पण “बारा वाजता सूर्य डोक्यावर” हे वाक्य मात्र सगळ्यांना पाठ असतं.

गणितात अपूर्णांकांची बेरीज घ्या. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, ही चूक प्रत्येक वर्गात सापडते. मुलाला ते गणित मोठ्याने बोलत सोडवायला लावा आणि रेकॉर्ड करा. नंतर भाकरीचे किंवा कागदाच्या पट्टीचे भाग करून दाखवायला सांगा. दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षाही कमी आहेत, म्हणजे बेरीज करून उत्तर लहान झालं, हे त्याच्या हातातच येतं. मग त्याला त्याचं आधीचं बोलणं ऐकू द्या.

“झाडांचे महत्त्व” किंवा “स्वच्छतेचे फायदे” असे विषय मात्र सुरुवातीला टाळा. तिथे मुलांना काय लिहिलं की आपल्याला आवडेल हे आधीच ठाऊक असतं.

फोटो, आवाज, व्हिडिओ: कशासाठी काय

साधन म्हणून शिक्षकाचा एक फोन पुरतो. प्रत्येक मुलाकडे फोन असावा अशी अपेक्षा ठेवलीत तर पहिल्याच आठवड्यात वर्गाचे दोन भाग पडतील. गटाला एक फोन, वेळ ठरलेली, आणि फोन वर्गातच राहणार. घरून काही करून आणायला सांगू नका.

हळूहळू होणाऱ्या बदलासाठी फोटो. मोड येणं, ब्रेडवर बुरशी चढणं, विहिरीच्या पाण्याची पातळी उतरणं. पण फोटो रोज वेगळ्या अंतरावरून काढले तर तुलना होत नाही. बाकावर खडूने दोन खुणा करा, एक वाटीची आणि एक फोन धरायची. वाटीशेजारी पट्टी ठेवा आणि तारखेची चिठ्ठी ठेवा. या तीन गोष्टी मुलांना पहिल्या दिवशी शिकवल्या की पुढे आठवडाभर ती स्वतः सांभाळतात, एकमेकांवर लक्षसुद्धा ठेवतात.

एक गोष्ट मला उशिरा कळली. फोटो काढला म्हणजे निरीक्षण झालं, असं मुलांना वाटतं. बटण दाबायचं आणि पुढे जायचं. म्हणून आता माझ्या वर्गात नियम आहे: आधी वहीत पेन्सिलने चित्र, मग फोटो. चित्र काढायचं तर मोड बीच्या नेमक्या कुठल्या बाजूने फुटला हे बघावंच लागतं. दोन्ही शेजारी ठेवली की मूल स्वतःच म्हणतं, “मी तर मोड मधूनच काढला, तो कडेने आलाय.”

विचारांसाठी आवाज. जे मूल चार ओळी लिहायला अर्धा तास घेतं ते अर्ध्या मिनिटात आपलं म्हणणं सांगून टाकतं. आणि ते घरच्या बोलीत सांगू द्या: अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोरकू, जी असेल ती. तुम्हाला ती बोली येत नसेल तर वर्गातलंच दुसरं मूल अर्थ सांगेल, आणि त्या मुलाला तो मानही मिळेल. पुस्तकी भाषेत बोलायची अट घातली की मुलं पुस्तकातलं वाक्य सांगतात. आपल्याला हवं असतं त्यांच्या डोक्यातलं.

व्हिडिओ सगळ्यात कमी वापरा. हाताची कृती दाखवायची असेल तरच: कंपासने कोन दुभागणं, चेंडू फेकण्याची पद्धत, तबल्यावरचा बोल. पाऊण मिनिटापेक्षा मोठा नको. व्हिडिओमुळे फोन भरतो आणि मुलं कॅमेऱ्याकडे बघू लागतात.

मोठ्या वर्गातली मुलं फोटो जोडून छोटी चित्रफीत करतात तेव्हा मागे गाणं लावतात, अक्षरं उडवतात. त्यांचा उत्साह मोडू नका, पण कारण समजावून सांगा. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने चित्र आणि शब्द एकत्र वापरून शिकण्यावर अनेक वर्षं प्रयोग केले. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र मिळून जास्त कळतं. पण विषयाशी संबंध नसलेली सजावट आणि संगीत घातलं की कळणं कमी होतं, आणि तेच वाक्य पडद्यावर लिहून वर वाचूनही दाखवलं तरी बऱ्याचदा अडथळाच होतो. म्हणून एक चित्र, त्यावर एक बाण आणि मुलाचा आवाज. एवढं पुरे.

पहिली तासिका

आदल्या दिवशी फोनमध्ये एक फोल्डर करून ठेवा आणि आवाज रेकॉर्ड करून पाहा. पत्र्याच्या छताच्या वर्गात पंख्याचा आवाज किती येतो हे आधी कळलेलं बरं. माझी पहिली सगळी रेकॉर्डिंग त्यात वाया गेली. व्हरांड्याचा कोपरा बहुतेक शाळांत चालतो.

तासिकेची पहिली पाच मिनिटं प्रश्नासाठी. उत्तराकडे नेणारा इशारा अजिबात देऊ नका, चेहऱ्यानेही नाही. पुढची पाच मिनिटं प्रत्येकाने स्वतःचा अंदाज आणि कारण वहीत एका ओळीत लिहायचं. आधी लिहिणं महत्त्वाचं आहे, नाहीतर गटातल्या हुशार मानल्या जाणाऱ्या मुलाचा अंदाज सगळ्यांचा होतो. मग गट एकेक करून कोपऱ्यात जाऊन बोलतील, प्रत्येक मूल दहा-पंधरा सेकंद: नाव सांगायचं नाही, गटाचा क्रमांक सांगायचा. तोवर बाकीचे साहित्य मांडतील. ४० मिनिटांच्या तासिकेत सहा गटांचं हे काम आरामात होतं.

फाइलला तिथल्या तिथे नाव द्या: ‘सहावी गट ३ मटकी दिवस १’. संध्याकाळी देऊ म्हटलंत तर आठवड्याने कुठला आवाज कुणाचा हे ओळखता येणार नाही. कुणाकडून फोटो मागवायची वेळ आली तर व्हॉट्सअॅपवर साधा फोटो न मागवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा; साध्या फोटोचा आकार घटतो आणि मोडांचे बारीक तंतू दिसेनासे होतात. मात्र मूळ फाइलसोबत ठिकाणाची माहितीही येऊ शकते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद असू द्या.

लिहायला लावताना

प्रयोग संपल्यावर लगेच लिहायला सांगू नका. आधी मुलांनी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायचं, फोटो ओळीने पाहायचे, आणि मग पेन उचलायचं. हा क्रम चुकला की पुन्हा “खूप मजा आली” सुरू होतं.

पहिली नोंद तुम्ही स्वतः लिहा आणि मुलांसमोर वाचा. खरी लिहा. मी वाचली होती ती फसलेल्या पोळ्यांबद्दल होती: मला वाटलं होतं कणीक घट्ट भिजवली की पोळी पातळ लाटता येईल, झाल्या कडक, सासूबाई कणीक भिजवून झाकून ठेवतात ते मी घाईत सोडलं होतं. बाई चुकतात आणि ते वाचूनही दाखवतात, हे पाहिल्यावर वर्गातली भीती बरीच कमी झाली.

मुलांना सुरुवातीची काही वाक्यं तोडून द्या: “मला आधी वाटलं होतं…”, “पण मी पाहिलं की…”, “मी इथे अडकलो…”, “हे मला … सारखं वाटलं”, “अजून कळलं नाही की…”. सहा-सात ओळी पुरे. आठवड्यातून एकदा. रोज लिहायला लावलंत तर दोन आठवड्यांत तो गृहपाठ होईल आणि मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांचं उतरवतील.

या वहीत शुद्धलेखन तपासायचं नाही. ते दुसऱ्या वहीत तपासा. ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघ दिसली की मूल पुढच्या वेळी जे शब्द नक्की येतात तेवढेच वापरतं, आणि विचारही तेवढाच करतं. ज्यांना लिहिणं फार जड जातं त्यांनी बोलून नोंद करावी; फोनच्या मराठी कीबोर्डवर बोललेलं टाइप होतं, चुका मुलाने बसून दुरुस्त करायच्या. मला स्वतःला कागदाची वही आणि तिच्या पानाचा फोटो हेच सोयीचं वाटतं. वीज गेली तरी वही चालते. अकरावी-बारावी किंवा बी.एड.च्या विद्यार्थ्यांना हेच ब्लॉगवर करता येईल. प्रश्न तेच राहतात.

मुलांनी स्वतःच्या अनुभवाबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहावं ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ती आपल्या घरादाराबद्दल, आपल्या माणसांवर होणाऱ्या अन्यायाबद्दल लिहीत होती आणि प्रश्न विचारत होती. तिला तशी जागा देणारे शिक्षक होते. सहावीच्या मुलाची मटकीवरची सात ओळींची नोंद वाचताना मी हे लक्षात ठेवते.

शेरा

सगळं इथे ठरतं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

“छान”, “उत्तम”, “सुंदर अक्षर” हे शेरे या वहीत लिहू नका. त्यांनी संवाद थांबतो. त्याऐवजी एकच प्रश्न लिहा, आणि तो त्या नोंदीतूनच निघालेला असू द्या. मुलाने लिहिलं, “बुडवलेल्या मटकीला वास आला,” तर विचारा, “वास कितव्या दिवशी आला? त्या दिवशीच्या फोटोत पाणी कसं दिसतंय?” मूल फोटोकडे परत जातं आणि पाणी गढूळ झाल्याचं त्याला दिसतं. कुणी लिहिलं, “माझा अंदाज बरोबर आला,” तर विचारा, “कारणही बरोबर होतं का?” हा प्रश्न फार उपयोगी आहे. माझ्या वर्गातल्या एकाने फडक्यातच मोड येतील असं सांगितलं होतं, कारण “फडक्यात ऊब असते.” अंदाज बरोबर, कारण वेगळंच. प्रश्न पाहून त्याने आपणहून तिसरी वाटी मांडली: फडकं नाही, झाकण नाही, नुसती भिजवून उपसलेली मटकी, दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं. तिलाही मोड आले. मग तो दोन दिवस ऊब आणि हवा यांवर गटाशी भांडत होता. यातून मला जे समाधान मिळालं ते वार्षिक निकालातूनही क्वचितच मिळालं आहे.

गुण देऊ नका. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. नुसते गुण किंवा गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. आकडा दिसला की मूल शेरा वाचतच नाही, हे आपण वर्गात रोज बघतो. शिवाय मागोव्याला गुण दिले की मूल आपल्याला आवडेल अशी चूक आणि आपल्याला आवडेल असा पश्चात्ताप लिहू लागतं.

पण मूल्यमापनात उपयोग होणार नाही, असं नाही. २०१० पासून आपल्या शाळांत आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावरून करायचं मूल्यमापन, आहे, आणि वर्णनात्मक नोंदी लिहिताना आपली किती ओढाताण होते हे सगळे जाणतात. “निरीक्षण करतो”, “प्रयोगात भाग घेतो” अशी तीच ती वाक्यं. मागोव्याची वही समोर असेल तर नोंद खरी होते: “अंदाज बरोबर आला तरी कारण तपासण्यासाठी स्वतः वेगळी मांडणी केली.” २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःचं आणि सहाध्याय्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करणं अपेक्षित आहे, त्यासाठीही वेगळं काही करावं लागत नाही.

पट मोठा असेल तर घाबरू नका. ४५ मुलं असतील तर आठवड्याला नऊ वह्या नीट वाचा, पाच आठवड्यांत सगळ्या होतात. बाकीच्या वह्या त्या आठवड्यात शेजारचा मित्र वाचेल आणि एक प्रश्न लिहील. सुरुवातीला मित्रांचे प्रश्न “किती मटकी घेतली?” असे येतात. तुमचे शेरे वाचून ते हळूहळू बदलतात.

महिन्यानंतर

ही पायरी बहुतेक जण विसरतात. मीही पहिल्या वर्षी विसरले. चार-पाच नोंदी झाल्या की एक तासिका फक्त मागे पाहण्यासाठी ठेवा. नवीन काही शिकवायचं नाही. प्रत्येकाने आपली पहिली नोंद आणि ताजी नोंद शेजारी ठेवून वाचायची, जमलं तर पहिलं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि तीन ओळी लिहायच्या: माझं काय बदललं, काय तसंच आहे, पुढच्या वेळी अंदाज करताना कशाकडे लक्ष देईन.

या तासाला मुलांना स्वतःच्या सवयी दिसतात. “मी नेहमी जे जास्त आहे तेच चांगलं असं धरतो,” असं एकाने लिहिलं. पाणी जास्त, खत जास्त, फोटो जास्त, सगळीकडे तेच. मी त्याला हे वर्षभर सांगत राहिले असते तरी त्याच्या गळी उतरलं नसतं. मुलाची तयारी असेल, आणि असेल तरच, अशी एखादी नोंद परिपाठात वाचायला द्या.

परवानगी, चेहरे आणि घरच्या गोष्टी

सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांशी बोला आणि पालकसभेत सांगा. अर्ज भरून घेण्याआधी एक रेकॉर्डिंग ऐकवून दाखवा. “मोबाइल बंद करा म्हणता आणि शाळेतच मोबाइल?” असं विचारणारे पालक ते ऐकल्यावर शांत होतात, कारण त्यात त्यांच्या मुलाचं डोकं चालताना ऐकू येतं. मग लेखी संमती घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा मूळ नियम आहे. कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

फोटो हातांचे, वाट्यांचे, वहीच्या पानांचे. चेहऱ्यांचे नाहीत. मुलांच्या नोंदी आपल्या स्टेटसवर टाकायच्या नाहीत, पालकांच्या गटातही नाही. मुलाने चुकीचा अंदाज विश्वासाने सांगितलेला असतो, त्यावर शेजारच्या काकांनी हसावं म्हणून नाही.

आणि एक जपून सांगायची गोष्ट. मुलांना मोकळं लिहायची सवय लागली की कधीतरी मटकी बाजूला राहते आणि घर वहीत येतं. “आमच्याकडे काल मटकी भिजवली नाही कारण बाबांनी आईला मारलं,” अशी ओळ आली तर तिच्याखाली प्रश्न लिहू नका, वही मित्राला वाचायला देऊ नका. मुलाशी एकटं बोला, त्याच्या कलाने बोला, आणि मुख्याध्यापकांना विश्वासात घ्या. मुलाच्या सुरक्षिततेची शंका असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक आहे. हा क्रमांक मी कारण न सांगता सगळ्यांनाच वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते, म्हणजे तो कुणा एकाच्याच वहीत दिसत नाही.

वर्ष संपताना

एप्रिलमध्ये प्रत्येक मुलाची रेकॉर्डिंग आणि फोटो पालकांना देऊन टाका, फोनवर किंवा पेनड्राइव्हवर, आणि मग आपल्याकडच्या मूळ फाइली पुसून टाका. वही मुलाकडे जाते. आपल्याकडे ठेवायची ती एकच गोष्ट: “अजून कळलं नाही की…” याच्यापुढे वर्षभरात मुलांनी लिहिलेल्या प्रश्नांची यादी, नावांशिवाय. माझ्या वर्गाची यादी मी सातवीच्या सरांना देते. गेल्या वर्षीच्या यादीत पहिला प्रश्न कमळाच्या बीचा होता. सरांनी जूनमध्ये तळ्यावरून आणलेली कमळबी वर्गात ठेवली आणि काही सांगण्याआधी मुलांना विचारलं, काय वाटतं? फोन माझ्याकडून उसना नेला होता.